दिवाळीत तारकर्लीला येताय? जेलीफिशचा डंख आणि पाण्याची ओढ

पुण्याच्या एका कुटुंबाचा प्रश्न आहे. दिवाळीच्या सुट्टीत ते तारकर्ली-देवबागला येणार आहेत. बरोबर आठ आणि पाच वर्षांची दोन मुलं आणि दमा असलेली आजी. किनाऱ्यावर पडलेल्या निळ्या जेलीफिशचे फोटो मोबाइलवर फिरत होते, ते पाहून घरात चर्चा सुरू झाली: मुलांना पाण्यात न्यावं का, व्हिनेगरची बाटली घ्यावी का, आणि डंखावर लघवी लावतात हे खरं का? जानेवारीत हेच कुटुंब थायलंडला जाणार आहे, तिथे वेगळी काळजी लागते का, हेही त्यांना हवंय. मी मालवणच्या किनाऱ्यावर जीवरक्षक म्हणून काम केलंय आणि आता नव्या मुलांना हे काम शिकवतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुलांना जरूर पाण्यात न्या. कोकणात होणारा जेलीफिशचा डंख दुखतो, लहान मुलाला तर फारच दुखतो, पण तो सहसा जिवावर बेतत नाही. इथल्यासाठी व्हिनेगर नको, गरम पाण्याचा मोठा थर्मास आणा. थायलंडला मात्र व्हिनेगर लागतं. लघवीचा काहीही उपयोग नाही. आणि जेलीफिशची जेवढी भीती वाटतेय तेवढी माणसाला आत खेचणाऱ्या पाण्याच्या ओढीची वाटू द्या, कारण आमच्या किनाऱ्यावर माणसं मरतात ती ओढीने.

फोटोतला तो निळा प्राणी बहुतेक ब्लू बॉटल असणार. दोन-तीन इंचांचा निळसर पारदर्शक फुगा आणि त्याखाली लोंबणारी गडद निळी दोरी. शास्त्रीय नाव फायझेलिया. काटेकोर बोलायचं तर तो जेलीफिशच नव्हे. अनेक छोटे जीव एकमेकांना जोडून राहतात आणि कामं वाटून घेतात: एकाने तरंगायचं, दुसऱ्याने शिकार धरायची, तिसऱ्याने पचवायची. त्याला पोहता येत नाही, वारा नेईल तिकडे जातो. म्हणूनच नैर्ऋत्येचा वारा जोरात असतो त्या दिवसांत, जुलै ते सप्टेंबरमध्ये, तो जुहू, आक्सा, गिरगावपासून खाली कोकणापर्यंत वाळूत येऊन पडतो. २०१८ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या चौपाट्यांवर त्याने बऱ्याच लोकांना डंख केले होते. त्याच सुमारास ब्लू बटन नावाचा, नाण्याएवढा, कडेने निळी झालर असलेला गोल जीवही किनाऱ्याला लागतो. त्याने फार तर थोडी खाज सुटते.

दिवाळीपर्यंत तो वारा पडलेला असतो. तेव्हा दिसतात ते बहुतेक खरे जेलीफिश, पांढरट किंवा तपकिरी, छत्रीच्या आकाराचे, ताटलीएवढे किंवा त्याहून मोठे. ते कधी येतील याचं वेळापत्रक नाही. चार दिवस एकही दिसत नाही आणि पाचव्या दिवशी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, त्यांनीच भरून येते. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये गोव्याच्या किनाऱ्यांवर दोन दिवसांत नव्वदहून जास्त पर्यटकांना डंख झाल्याचं तिथल्या जीवरक्षकांनी सांगितलं होतं. बहुतेकांचं किनाऱ्यावरच्या प्रथमोपचारावर भागलं.

उपचाराकडे वळण्याआधी डंख कसा होतो ते समजून घ्या, म्हणजे काय करू नये ते पाठ करावं लागणार नाही. जेलीफिशच्या दोऱ्यांवर हजारो सूक्ष्म पेशी असतात आणि प्रत्येकीत दाबून बसवलेल्या स्प्रिंगसारखी एक विषारी नळी गुंडाळलेली असते. कातडीचा स्पर्श झाला, दाब पडला किंवा भोवतालच्या पाण्यातला खारटपणा एकदम बदलला की ती नळी सुटते आणि कातडीत घुसते. यात मेंदूचा संबंध नाही. म्हणून वाळूत पडलेला, अर्धा सुकलेला, सगळ्यांच्या मते मेलेला ब्लू बॉटलसुद्धा डंख करतो. मुलं काडीने उलटापालटा करतात, मग तीच काडी हातात धरून ठेवतात. पालकांनी पहिली नजर इथे ठेवायची.

दुसरी गोष्ट अशी की अंगाला चिकटलेल्या दोरीवरच्या सगळ्याच नळ्या पहिल्या झटक्यात सुटत नाहीत. बऱ्याचशा तशाच शिल्लक असतात. डंखानंतरच्या पाच मिनिटांत आपण जे करतो त्यावर त्या शांत राहणार की सगळ्या एकदम फुटणार हे ठरतं. वाळूने घासलं, टॉवेलने खसखसून पुसलं की दाबाने फुटतात. बिसलेरीची बाटली ओतली की गोड्या पाण्याने फुटतात. लघवीचंही तेच, त्यातले क्षार कमी-जास्त असतात आणि फायदा कशाचाच होत नाही. एटीएम कार्डाने खरवडायचा सल्ला पूर्वी दिला जायचा. आता तोही टाळतात, कारण खरवडणं म्हणजे दाबच. लिंबू, चुना, तंबाखूचं पाणी, रॉकेल, दारू हे सगळं लावलेलं मी पाहिलंय. लिंबाचा तर वेगळाच त्रास. रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं की ती भाजल्यासारखी होते आणि काळे डाग कितीतरी दिवस जात नाहीत.

मग करायचं काय? मुलाला उचलून शांतपणे पाण्याबाहेर आणा. त्याचे हात धरून ठेवा, कारण चोळायची इच्छा अनावर होते. डंखाच्या जागी समुद्राचंच पाणी अलगद ओता. चिकटलेल्या दोऱ्या चिमट्याने, किंवा हातात प्लॅस्टिकची पिशवी घालून, एकेक करून वरच्या वर उचला. ओढत, फरफटत काढू नका. स्विमसूट किंवा टी-शर्टच्या आत तुकडे अडकलेले असतात आणि तिथेच पुन्हा पुन्हा डंख बसतो, म्हणून कपडे उतरवा.

त्यानंतर गरम पाणी. वेदनेवर खरा उतारा हाच. साधारण ४५ अंश सेल्सिअस, वीस मिनिटं, हात-पाय असेल तर बुडवून, पाठ किंवा मान असेल तर सतत ओतत. ऑस्ट्रेलियात ब्लू बॉटलच्या डंखावर गरम पाणी आणि बर्फाची तुलना केली गेली, तिचे निष्कर्ष २००६ मध्ये छापून आले. वीस मिनिटांनी गरम पाणीवाल्यांपैकी ८७ टक्के लोकांची वेदना कमी झाली होती, बर्फवाल्यांपैकी ३३ टक्के. एवढा फरक असताना मी पर्यटकांना बर्फ शोधत का धावू देऊ? गरम पाणी मिळालंच नाही तर मात्र बर्फ चालेल, तोही पिशवीत गुंडाळून. नुसता चोळला की वितळून गोडं पाणी झालं.

४५ अंश मोजायला थर्मामीटर लागत नाही. मोठ्या माणसाने आपला कोपर त्या पाण्यात बुडवायचा. कडक वाटलं पाहिजे, पण कोपर काढून घ्यावासा वाटता कामा नये. दर चार-पाच मिनिटांनी पुन्हा तपासून गरम पाणी वाढवत राहा. इथे घाई नको. डंखाने बधिर झालेल्या जागेला चटका कळत नाही आणि पाच वर्षांच्या मुलाची कातडी पातळ असते. जेलीफिशच्या जोडीला भाजलेलं मूल घेऊन दवाखाना गाठलेले पालक मी पाहिलेत. पाणी कुठून आणायचं हा प्रश्न कोकणात तरी पडू नये. किनाऱ्यावर चहाची टपरी असते, तिथे पातेल्यात पाणी उकळतच असतं. घरगुती निवासात उतरला असाल तर परसात बंब पेटलेला असतो. तरीही निघताना थर्मास भरून घ्या. पाणी शोधण्यात जाणारी दहा मिनिटं मुलासाठी फार मोठी असतात.

वेदना उरली तर वजनाप्रमाणे पॅरासिटॅमॉल द्या. खाज आणि पुरळ आली तर मुलांच्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवलेलं अँटिहिस्टॅमिन, म्हणजे ॲलर्जीचं औषध. कधीकधी आठवड्याभराने, पुण्याला परतल्यावर, त्याच जागी पुन्हा लाल चट्टे उठतात. घाबरू नका, डॉक्टरांना दाखवा. डंख डोळ्याला झाला असेल तर घरी काही करत बसू नका. सरळ नेत्रतज्ज्ञाकडे जा.

दवाखाना लगेच गाठायची लक्षणं वेगळी आहेत: श्वास लागणं, आवाज घोगरा होणं, ओठ किंवा चेहरा सुजणं, वारंवार उलट्या, छातीत किंवा पोटात कळा, चक्कर, भान हरपत जाणं. डंख खूप मोठ्या भागावर असेल तर लक्षणांची वाट पाहू नका. मुलाचं अंग लहान, त्यामुळे तेवढ्याच लांबीच्या दोरीचं विष त्याला जास्त बाधतं. १०८ ला फोन करा. रुग्णवाहिकेला तारकर्लीच्या अरुंद रस्त्यावरून, पर्यटकांच्या गाड्यांतून वाट काढत यावं लागतं. म्हणून फोन आधी, बाकीची धावपळ नंतर.

व्हिनेगरबद्दल तज्ज्ञांमध्येही मतभेद आहेत. बॉक्स जेलीफिशच्या न फुटलेल्या पेशी त्याने निकामी होतात हे पक्कं आहे. ब्लू बॉटलच्या बाबतीत ऑस्ट्रेलियातली मार्गदर्शक तत्त्वं व्हिनेगर नको म्हणतात, काही संशोधक त्याचाही उपयोग होतो म्हणतात. मी इथे ते वापरत नाही. इथला कोणताही डंख असो, गरम पाण्याने वेदना उतरते, त्याने पेशी भडकल्या तर नाहीत ना ही शंका राहत नाही, आणि ते सगळीकडे मिळतं.

आता ओढीबद्दल. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरुड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. २०१७ च्या एप्रिलमध्ये आमच्या वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून आलेले ८ जण गेले. दोन्ही वेळा पावसाळा नव्हता, वादळ नव्हतं. गणपतीपुळ्याला देवळासमोरच्या पाण्यात उतरू नका असं गावकरी कळकळीने सांगतात आणि लोक हसून पुढे जातात.

लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी कुठून तरी परत जायला हवं. ते वाळूतल्या खोलगट पट्ट्यातून, अरुंद धारेने, वेगात परत जातं. तिलाच रिप करंट म्हणतात, आम्ही ओढ म्हणतो. ती ओळखायची कशी? दोन्ही बाजूंना पांढऱ्या लाटा फुटत असतात आणि मधला दहा-पंधरा पावलांचा पट्टा शांत, सपाट, थोडा गढूळ दिसतो. नेमका तोच पट्टा पालक मुलांसाठी निवडतात, कारण तिथे लाट अंगावर येत नाही. हे मी प्रत्येक सुट्टीत पाहतो आणि प्रत्येक वेळी पोटात गोळा येतो. फेसाळ लाट किनाऱ्याकडे ढकलते, शांत पट्टा आत नेतो, एवढं मुलांनाही समजावून ठेवा.

सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका. कितीही पट्टीचा पोहणारा असला तरी त्यात दमतो. पाठीवर तरंगा, हात वर करा, आणि किनाऱ्याला समांतर सरकत धारेतून बाहेर पडा. मग फुटणाऱ्या लाटांबरोबर आत या. काठावर असलेल्यांनी हाताला हात धरून साखळी करत पाण्यात उतरू नये. मधला एक पाय सुटला की सगळेच जातात. पाच लिटरचा रिकामा कॅन झाकण घट्ट लावून लांब दोरीला बांधलेला असला तर तो फेकता येतो. गाडीत ठेवायला काही अवघड नाही.

जेलीफिश आणि ओढ एकत्र येतात ती जागा म्हणजे छातीएवढं पाणी. तिथे डंख बसला की माणूस दचकून श्वास घेतो, तोंडात पाणी जातं, पाय सुटतो. एरवी गरम पाण्याने उतरणारी वेदना तिथे जीवघेणी ठरू शकते. म्हणून माझा नियम: मुलं गुडघाभर पाण्यात आणि तुमच्या हाताच्या अंतरावर, मोठी माणसं कमरेच्या वर नाही. आणि दारू प्यायलेला माणूस पाण्यात उतरणार नाही, मग तो घरातला कितीही मोठा असो.

दिवाळीचं एक वेगळं गणित आहे. लक्ष्मीपूजन अमावस्येला असतं, म्हणजे उधाणाचे दिवस. भरती मोठी, ओहोटीही मोठी. आमच्याकडे जुनी रीत आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. भाऊबीज म्हणजे द्वितीया, दोनची पाऊणपट दीड, तर साधारण दीड वाजता पूर्ण भरती. अमावस्येला, म्हणजे पंधराची पाऊणपट, सव्वाअकराच्या सुमारास. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहा. पण यातून कळतं ते असं की त्या दोन-तीन दिवसांत दुपारभर पाणी ओसरत असतं, आणि पर्यटक जेवून, विश्रांती घेऊन नेमके चार वाजता उतरतात. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते त्या संगमापाशी तर ओसरतं पाणी नदीसकट बाहेर धावत असतं. तिथे मुलांना घोटाभर पाण्यातही सोडू नका.

सकाळी या. तेव्हा मतलई वारा जमिनीकडून वाहतो, पाण्यावर तरंगणारं बरंच काही बाहेर जातं. दुपारनंतर खारा वारा सुटला की तेच किनाऱ्याकडे येतं. त्या दिवसांत सकाळी भरतीचं पाणी चढत असतं, तेही तुमच्या बाजूने. उतरण्याआधी रापण ओढणाऱ्यांना विचारा, "काका, आज जाळ्यात जेलीफिश आले काय?" त्यांच्याइतकी ताजी माहिती कोणत्याही ॲपवर नसते. ते हो म्हणाले तर त्या दिवशी किल्ला बघा. वाळूवरही नजर फिरवा. भरतीच्या रेषेवर चार-सहा जेलीफिश पडलेले दिसले तर पाण्यात आणखी आहेत असं धरून चाला. जीवरक्षक असेल तिथेच आंघोळ करा. प्रत्येक किनाऱ्यावर तो नसतो, म्हणून राहायची जागा ठरवतानाच घरमालकांना हे विचारा.

मुलांना पूर्ण बाह्यांचा लायक्राचा स्विमसूट किंवा अंगाबरोबरचे लेगिंग आणि टी-शर्ट घाला. दोरीच्या नळ्या इतक्या आखूड असतात की पातळ कापडही त्यांना अडवतं. जीन्स, साडी, सैल पंजाबी ड्रेस मात्र नको, ओले झाल्यावर पायात गुंततात. उथळ गढूळ पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नका, वाळूत घासत चला. वाळूत दबून बसलेला पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा, स्टिंग रे) त्या चाहुलीने निघून जातो. २०१३ च्या गणपतीत गिरगावच्या चौपाटीवर विसर्जनाला उतरलेल्या अनेकांना पाकटांनीच जखमी केलं होतं. पाकटाच्या काट्यावरही हेच गरम पाणी लागू पडतं, पण ती खोल जखम असते, काट्याचा तुकडा आत राहतो, म्हणून डॉक्टरांना दाखवावंच लागतं.

थायलंडचं गणित वेगळं, कारण तिथे बॉक्स जेलीफिश आहे. तो वाऱ्यावर तरंगत नाही, पोहतो. शरीर चौकोनी पेटीसारखं, जवळपास पारदर्शक, पाण्यात दिसतच नाही म्हटलं तरी चालेल. मोठ्या जातीचा डंख भरपूर लागला तर काही मिनिटांत हृदय बंद पडू शकतं. कोह सामुई आणि कोह फांगान या बेटांवर त्याने पर्यटकांचे मृत्यू झाले आहेत. तिथे पोहायचं असेल तर जाळी लावलेल्या भागात, अंगभर लायक्रा घालून. बऱ्याच किनाऱ्यांवर खांबाला व्हिनेगरची बाटली अडकवलेली असते, हॉटेलातून निघालात की ती कुठे आहे हे आधी बघून ठेवा. डंख झाला तर किमान तीस सेकंद भरपूर व्हिनेगर ओतायचं, मग दोऱ्या काढायच्या. तिथला रुग्णवाहिकेचा क्रमांक १६६९. माणूस प्रतिसाद देत नसेल, श्वास नीट चालत नसेल, तर व्हिनेगर दुसऱ्याच्या हातात द्या आणि आधी छातीवर दाब द्यायला लागा: मिनिटाला १०० ते १२०, तीस दाबांनंतर दोन श्वास. बुडून बाहेर काढलेल्या माणसाला मात्र आधी श्वास द्यायचे, कारण त्याची पहिली गरज हवा आहे. हे वाचून येत नाही. पुण्यात हे शिकवणारे वर्ग होतात, जानेवारीच्या आत तुम्ही दोघांनी एक दिवस काढा.

आजींना किनाऱ्यावर यायला हरकत नाही. पाय भिजवायचे असतील तर भरतीच्या रेषेवरचे निळे तुकडे चुकवून, पायात काहीतरी घालून. दमा असलेल्यांना डंखाची ॲलर्जी झाली तर श्वास लवकर अडतो, म्हणून इन्हेलर खोलीत ठेवू नका. तो वाळूवरच्या पिशवीत, सावलीत, थर्मासच्या शेजारी असू द्या, आणि पिशवी कुठे आहे ते आठ वर्षांच्या नातवालाही दाखवून ठेवा.